इंजिन थांबले तरी विमान उडतच असते



२३ जानेवारी २०२० रोजी गाझियाबाद जिल्ह्यातील सदरपूर गावाजवळ, ईस्टर्न पेरिफेरल एक्सप्रेसवेवर एक विमान उतरले. धावणाऱ्या गाड्यांच्या रस्त्यावर. विमान एनसीसीचे होते: झेनएअर सीएच-७०१, दोन आसनांचे, एका इंजिनाचे. बरेलीहून निघून ते हिंडनच्या वायुसेना तळाकडे चालले होते. तळ आता फार दूर नव्हता. वाटेत बिघाड झाला आणि वैमानिकांनी खाली दिसणारा सरळ, रुंद रस्ता निवडला. विमानाच्या एका पंखाचे नुकसान झाले, पण आतले दोघेही सुखरूप राहिले.

दुसऱ्या दिवशी बहुतेकांनी त्या विमानाचे रस्त्यावरचे फोटो पाहिले आणि ‘केवढा अपघात!’ म्हटले. मला मात्र हा अपघात टळल्याचा उत्तम नमुना वाटतो. आपल्यापैकी जे एअर विंगमध्ये आहेत किंवा पुढे एनडीएतून वायुसेनेत जाऊ पाहतात, त्यांनी यातली एक गोष्ट नीट समजून घ्यावी. छोट्या विमानाचे इंजिन बंद पडणे ही घटना सहसा जीव घेत नाही. जीव जातो तो त्यानंतरच्या दहा-पंधरा सेकंदांत वैमानिकाच्या हातून जे होते त्यामुळे.

इंजिन थांबले की विमान दगडासारखे पडते, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. प्रशिक्षणासाठी जगभर वापरले गेलेले सेसना-१५२ इंजिनाशिवायही एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जाते. म्हणजे १००० फुटांवर इंजिन थांबले, तर वारा नसताना अडीच किलोमीटरच्या आसपास अंतर हाती असते. तेवढ्यात एखादे शेत, माळरान किंवा रस्ता सापडू शकतो. अट एकच: नाक खाली करून वेग टिकवायचा. उंची खर्च करून वेग विकत घ्यायचा, असा हा व्यवहार आहे.

अडचण अशी की घाबरलेला हात नेमके उलटे करतो. जमीन जवळ येताना दिसली की स्टिक मागे ओढली जाते आणि नाक वर जाते. पंख समोरच्या हवेला ज्या कोनात भेटतो तो कोन साधारण १५-१६ अंशांपलीकडे गेला की हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला धरून वाहत नाही, तिथून सुटते. उचल एकदम कमी होते. यालाच स्टॉल म्हणतात. मोटारीचे इंजिन ‘स्टॉल’ होते त्याच्याशी याचा काही संबंध नाही. इंजिन पूर्ण जोरात असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो.

आता सगळ्यात धोकादायक प्रसंग पाहू. विमानाने नुकतेच उड्डाण केले आहे, उंची ४०० फूट, आणि इंजिन थांबते. मागे धावपट्टी आहे, ओळखीची, गुळगुळीत. समोर अनोळखी शेते. मन म्हणते, वळ आणि परत जा. इथे थोडे गणित करू. परत त्याच पट्टीवर यायचे तर १८० अंश पुरत नाहीत. वळताना विमान बाजूला सरकते, म्हणून २०० अंशांहून जास्त वळावे लागते. पंख २० अंश कलवून सावकाश वळले तर अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात ४०० फूट संपतात. त्यात काय घडले हे कळायला गेलेले पहिले तीन-चार सेकंद धरलेलेच नाहीत.

मग वैमानिक ४५ अंश कलवतो. वळण १२-१३ सेकंदांत होईल, हे खरे. पण कललेल्या विमानाचे वजन पेलायला पंखाला जास्त उचल द्यावी लागते, त्यामुळे स्टॉलचा वेगही वाढतो. सेसना-१५२ सरळ उडताना साधारण ४८ नॉटवर स्टॉल होते. ४५ अंशांच्या वळणात हाच आकडा ५७ होतो. आणि इंजिनाविना तरंगण्याचा तिचा योग्य वेग आहे ६० नॉट. म्हणजे जीव आणि मरण यांच्यामध्ये उरले ३ नॉट. त्यातच उड्डाण नेहमी वाऱ्याच्या तोंडाने होते, म्हणून उलटे फिरताच वारा पाठीशी येतो. जमीन झपझप मागे पळताना दिसते, वैमानिकाला वाटते आपला वेग फार झाला, आणि तो नाक आणखी उचलतो. पट्टी हुकते आहे असे वाटून आतल्या बाजूचा रडर दाबला, तर आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान स्पिनमध्ये जाते. ३०० फुटांवर स्पिनमधून बाहेर यायला जागाच नसते.

याउलट समोरच्या शेतात, पंख सपाट ठेवून, कमीत कमी वेगात उतरलेल्या विमानाचे चाक मोडेल, पंख मोडेल, पण माणसे बहुधा चालत बाहेर येतात. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हे तुम्ही भौतिकशास्त्रात शिकलाच आहात. इथे ते सूत्र उलट्या बाजूने उपयोगी पडते. सीएच-७०१ तर ताशी सुमारे ५० किलोमीटरपर्यंत हवेत टिकते, एस.टी.पेक्षाही सावकाश! महाराष्ट्रातलेही उदाहरण आहे. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीच निघालेल्या एका प्रशिक्षणार्थी मुलीचे सेसना-१५२ इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले. विमान मोडले, मुलगी किरकोळ जखमांवर बचावली.

पण मुळात इंजिन थांबतेच का? बहुतेक वेळा कारण इतके साधे असते की सांगताना लाज वाटावी. इंधन संपलेले असते. किंवा एका टाकीत भरपूर असते आणि खटका दुसऱ्या, रिकाम्या टाकीवर असतो. छोट्या विमानांचे इंधनकाटे फारसे विश्वासाचे नसतात, म्हणून उड्डाणाआधी पंखावर चढून टाकीत मोजपट्टी बुडवायची असते. दुसरे कारण पाणी. अर्धी रिकामी टाकी रात्रभर थंडीत राहिली की आतल्या हवेतली वाफ थेंब होऊन तळाशी बसते. म्हणून सकाळी टाकीच्या तळातून थोडे इंधन काचेच्या नळीत काढून पाहतात. एव्हगॅस निळसर असते, पाणी त्याच्याखाली वेगळे दिसते. नळीतले सगळेच पाणी असेल तर? तेव्हा थर दिसत नाही, म्हणून रंग पाहायचा.

तिसरे कारण नवख्यांना खरे वाटत नाही: कार्ब्युरेटरमधला बर्फ. इंधनाची वाफ होताना आणि हवा अरुंद गळ्यातून जाताना तिथले तापमान २० अंशांहून अधिक उतरू शकते. त्यामुळे बाहेर २० अंशांची सुखद, दमट हवा असली तरी आत बर्फ जमतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. उपाय म्हणजे कार्ब हीटचा खटका ओढून गरम हवा आत सोडायची. यातही एक फसगत आहे. बर्फ वितळून पाणी इंजिनात जाते, त्यामुळे इंजिन काही क्षण आधीपेक्षा जास्त खडखडते. शिकाऊ वैमानिक घाबरून खटका पुन्हा आत ढकलतो, आणि उपाय लागू पडत असतानाच तो थांबवतो.

सगळा दोष वैमानिकाच्या माथी मारणेही बरे नव्हे. आपल्या वायुसेनेचे एचपीटी-३२ ‘दीपक’ आठवा. या एकाच इंजिनाच्या विमानावर अनेक पिढ्या उडायला शिकल्या. पण हवेत अचानक इंजिन बंद पडण्याची त्याची खोड काही गेली नाही. १७ अपघातांत १९ वैमानिक गेले. जुलै २००९ च्या अखेरीस दोन वैमानिक मृत्युमुखी पडल्यावर ही विमाने जमिनीवर उभी करण्यात आली, आणि २०१३ पासून त्यांची जागा पिलाटस पीसी-७ मार्क-२ ने घेतली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने पडली तेव्हाही डीजीसीएने तिथले प्रशिक्षण थांबवले. जिथे यंत्रच पुन्हा पुन्हा दगा देते, तिथे वैमानिकाच्या कौशल्याचे गोडवे गाऊन भागत नाही.

हवामानाचेही सांगायला हवे, कारण गाझियाबादच्या बाजूला जानेवारीत दाट धुके असते. जमीन दिसेनाशी झाली की आपला कान आपल्याला फसवतो. विमान हळूहळू वळत असले तरी ‘सरळच आहे’ असे वाटते. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण नसलेले २० जण घेऊन त्यांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत उडायला लावले. विसाच्या विसांचा ताबा सुटला; सरासरी वेळ होती १७८ सेकंद. पुरती तीन मिनिटेही नाहीत. त्यामुळे धुके समोर दिसताच मागे फिरणारा वैमानिक भित्रा ठरत नाही. इथे मात्र परत वळणे योग्यच, कारण हाती उंचीही असते आणि इंजिनही!

उतरतानाचे अपघात संख्येने पुष्कळ, पण बरेचसे नाकाचे चाक आणि अभिमान एवढ्यावर निभावतात. विमान पट्टीवर आपटून उसळले की स्टिक पुढे ढकलून त्याला ‘बसवू’ नये. पॉवर देऊन पुन्हा वर जावे.

प्रशिक्षक शेजारी असतानाही एक गोंधळ होतो: दोघांनाही वाटते की विमान दुसऱ्याच्या हातात आहे. म्हणून ताबा घेताना ‘आय हॅव कंट्रोल्स’ आणि देणाऱ्याने ‘यू हॅव कंट्रोल्स’ असे मोठ्याने म्हणायचे असते.

मोठ्याने म्हणायची दुसरी गोष्ट उड्डाणाआधीची. पट्टीच्या तोंडाशी उभे राहून शिस्तीचा वैमानिक, एकटा असला तरी, स्वतःलाच सांगतो: धावताना इंजिन गेले तर थ्रॉटल बंद, ब्रेक, पट्टीवरच थांबेन. हवेत, ठरवलेल्या उंचीच्या खाली गेले तर नाक खाली, समोरचे शेत, वळणार नाही. आज वारा डावीकडून आहे, म्हणून थोडे डावीकडचे शेत. मग तो थ्रॉटल पुढे ढकलतो.