सोन्याच्या करंडकातील मातीचे तुकडे

प्राचीन वस्तू पाहताना आपण बहुधा तिचे वय आणि मूल्य विचारतो. ती कोणी, कोठे आणि कशाच्या सोबतीने ठेवली, हा प्रश्न मात्र मागे राहतो. वस्तू घडविणाऱ्या समाजाचे मन या शेवटच्या प्रश्नातूनच उलगडते. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहातील सोपाऱ्याचे धातुकरंडक हे याचे उत्तम उदाहरण होय.

इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील एका टेकाडाचे उत्खनन केले. लोक त्यास ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. आत स्तूप आहे, ही स्मृती लोप पावली होती. स्तूपाच्या गर्भात एक गोल दगडी पेटी सापडली. तिच्या मध्यभागी तांब्याचा करंडक होता. त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याचा करंडक होता. सोबत सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही होते. सोन्याच्या करंडकात मात्र मातीच्या भांड्याचे लहान तुकडे निघाले. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे भगवानलालांचे मत होते.

ही मांडणी विचार करण्यासारखी आहे. भिक्खूंनी सोन्याचांदीची पात्रे वापरू नयेत, केवळ लोखंडाची किंवा मातीची वापरावीत, असा नियम विनयपिटकातील चुल्लवग्गात आहे. ज्या शास्त्याने सुवर्णपात्र नाकारले, त्याच्या पात्राचे म्हणून जपलेले तुकडे उपासकांनी सोन्यात ठेवले. येथे सोने हे केवळ आवरण आहे. पूज्य ठरली ती माती. बाहेरून आत जाताना धातूचे मोल वाढत जाते आणि अखेरीस बाजारात ज्याची काहीच किंमत नाही, अशा वस्तूपाशी आपण पोहोचतो. अपरिग्रहाचा एवढा स्पष्ट गौरव शिलालेखातही क्वचितच आढळेल.

तांब्याच्या करंडकाभोवती बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती होत्या. विपस्सीपासून गोतमापर्यंतचे सात बुद्ध आणि भावी मेत्तेय्य असा त्यांचा क्रम सांगितला जातो. मूर्ती आठव्या-नवव्या शतकांतील आहेत. नाणे मात्र सुमारे दुसऱ्या शतकाचे आहे. यावरून हा स्तूप कित्येक शतकांनंतर पुन्हा उघडून त्याची पूजा झाली असावी, असे अनुमान निघते. सोपाऱ्यातच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला असून त्यात राजाने विहारयात्रेऐवजी धम्मयात्रा स्वीकारल्याचे वर्णन आहे. अशोकापासून या मूर्तींपर्यंत या बंदराचा धम्माशी असलेला संबंध सुमारे हजार वर्षांचा ठरतो.

म्हणूनच अशा वस्तू एकेक सुटी करून, केवळ ‘सुवर्णकरंडक’ वा ‘कांस्यमूर्ती’ अशा पाट्यांखाली मांडल्यास त्यांचा निम्मा अर्थ हरवतो. त्या कोणत्या क्रमाने सापडल्या, हे प्रेक्षकाला दिसले पाहिजे. आपल्या विहारांतून विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेताना त्यांना हा क्रम समजावून द्यावा, अशी आमची विनंती आहे. लोकस्मृतीतून पुसला गेलेला वारसा वस्तूंनी जपला. त्याचा अर्थ पुढील पिढीच्या हाती देणे हे आपले काम आहे.