जुन्या मोटारीच्या ब्रेक-नळ्या
वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट आजही ज्यांच्या दारी उभी आहे, त्यांचा जिव्हाळा बहुधा रंगरंगोटी, क्रोमची झळाळी आणि गाद्यांची कापडे यांवरच खर्च होतो. चालकाच्या पायाचा हुकूम चाकांपर्यंत पोचविणाऱ्या, मोटारीच्या पोटाखालच्या बारीक पोलादी नळ्यांकडे मात्र सहसा कोणी वाकून पाहत नाही.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोचतो, या पास्कलच्या नियमावर ही व्यवस्था उभी आहे. अर्थात नळीला सुईएवढे छिद्र पडले तरी तो दाब तेथेच संपतो, आणि त्या पिढीतील बहुतेक मोटारींत चारही चाकांना मिळून एकच मार्ग असल्याने, एका नळीच्या अपराधासाठी चारही ब्रेक निकामी होतात. नळी बाहेरून समुद्राच्या खाऱ्या हवेने आणि पावसाळी चिखलाने गंजते हे उघड आहे. पण ती आतूनही गंजते, कारण नेहमीचे ब्रेक-ऑइल हवेतील आर्द्रता शोषून घेते. त्याच पाण्यामुळे ऑइलचा उत्कलनबिंदूही उतरतो: डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलाचा किमान २३० अंश सेल्सिअस, तर पाणी शोषलेल्याचा १५५ अंशांपर्यंतच गृहीत धरतात.

अशा स्थितीत गंजलेला तुकडा कापून जोड बसविण्याची किफायत मला सर्वस्वी नामंजूर आहे. एक नळी गेली की तिच्याच वयाच्या इतर नळ्यांची मुदतही भरत आलेली असते. शुद्ध तांब्याची नळी हाताने सुरेख वळते, पण हादऱ्यांनी कठीण होऊन कालांतराने तडकते. त्यापेक्षा सुमारे दहा टक्के निकेल असलेली तांबे-निकेलची नळी न गंजणारी आणि वळवायलाही सोयीची. मुख्य कसब नळीचे तोंड फुलविण्यात, म्हणजे फ्लेअर करण्यात आहे: ते वाकडे झाले तर नट कितीही आवळला तरी गळती थांबत नाही. चाकांजवळचे रबरी होजही त्याच वेळी बदलावेत. जुना होज आतून फुगला की ऑइल परत येईनासे होते आणि चाक धरून राहते. ऑइल मोटारीच्या रंगावर सांडू नये, नाहीतर हौसेने दिलेला रंगही उतरेल!

शेवटी मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून निपलमधून एअर काढावी, आणि मोटार जागेवरच उभी ठेवून पॅडल मिनिटभर जोराने दाबून धरावे. ते हळूहळू खाली जाऊ लागले, तर दोष सापडेपर्यंत मोटार फाटकाबाहेर नेऊ नये.