पित्तनलिकेची एमआरआय : नाव एक, तंत्रे अनेक

उरला (रायपूर) : डोळे पिवळे होणे, पोटात उजवीकडे कळ येणे आणि सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली आढळणे, अशा रुग्णाला बहुधा ‘एमआरसीपी’ ही तपासणी सुचवली जाते. पित्त आणि स्वादुपिंडाच्या नलिकांचे चित्र देणारी ही एमआरआय तपासणी १९९१ मध्ये वैद्यकीय साहित्यात प्रथम वर्णिली गेली. या एकाच नावाखाली अनेक तंत्रे येतात आणि प्रत्येक तंत्र वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते.

छत्तीसगड आणि शेजारच्या विदर्भात या तपासणीला विशेष महत्त्व आहे, कारण दोन्ही प्रदेशांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यातून बिलिरुबिन वाढते आणि तरुण वयातच पित्ताशयात खडे तयार होऊ शकतात. अशा रुग्णाची कावीळ पेशी फुटल्यामुळे आहे की नलिकेत अडकलेल्या खड्यामुळे, हे केवळ रक्ततपासणीवरून ठरवणे अनेकदा कठीण जाते. दोन्हींचे उपचार मात्र पूर्णतः भिन्न आहेत.

एमआरसीपीमागील तत्त्व सोपे आहे. यंत्र संकेत उशिरा टिपते. तोपर्यंत यकृतासारख्या घट्ट ऊतींचा संकेत विझलेला असतो, तर स्थिर द्रवाचा संकेत टिकून राहतो. त्यामुळे पित्त पांढरे, भोवताल काळा आणि खडा पांढऱ्या नलिकेतील काळ्या ठिपक्यासारखा दिसतो. यासाठी इंजेक्शन लागत नाही आणि क्ष-किरणांचाही वापर होत नाही.

पहिल्या तंत्रात सुमारे ४ ते ६ सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्याचे एकच चित्र काही सेकंदांत, श्वास रोखून घेतले जाते. वेदनेने तळमळणाऱ्या किंवा वृद्ध रुग्णासाठी ते सोयीचे असते. संपूर्ण नलिकेचा आराखडा त्यात एका दृष्टिक्षेपात येतो. मात्र पुढचे-मागचे सारे एकमेकांवर पडत असल्याने लहान खडा झाकला जाऊ शकतो.

दुसरे त्रिमितीय तंत्र रुग्णाच्या श्वासाच्या लयीनुसार चालते. त्याला काही मिनिटे लागतात, परंतु सुमारे १ मिलिमीटर जाडीचे काप मिळत असल्याने लहान खडे आणि नलिकांच्या शाखा अधिक स्पष्ट दिसतात. श्वास अनियमित असल्यास हीच चित्रे धूसर होतात. अलीकडच्या यंत्रांत कमी माहितीवरून चित्र उभारणाऱ्या गणिती पद्धतीमुळे त्रिमितीय चित्रही साधारण २० सेकंदांच्या एका श्वासात घेता येते. श्वास नीट रोखणाऱ्यांना त्याचा लाभ होतो. एकत्रित त्रिमितीय प्रतिमा आकर्षक दिसली, तरी निदानासाठी मूळ पातळ काप पाहणे आवश्यक असते.

तिसरे तंत्र स्वादुपिंडासाठी आहे. सेक्रेटिन हे संप्रेरक शिरेतून दिल्यावर स्वादुपिंड रस स्रवते, नलिका काही मिनिटे रुंदावते आणि तिची रचना व कार्य दोन्ही तपासता येतात. चौथ्या तंत्रात यकृतातून पित्तात उतरणारे गॅडॉक्सेटेट हे औषध देऊन सुमारे २० मिनिटांनी चित्र घेतात. शस्त्रक्रियेनंतर पित्त नेमके कोठून गळते आहे, हे त्यातून कळते. मात्र कावीळ तीव्र असल्यास औषध पित्तात पुरेसे उतरत नाही आणि चित्र फिके येते.

यंत्राच्या शक्तीबाबतही गैरसमज आहे. ३ टेस्लाचे यंत्र सामान्यतः अधिक बारकावे देते. तथापि पोटात पाणी साचलेल्या रुग्णात त्याच्या चित्रावर काळ्या छाया पडू शकतात. अशा वेळी १.५ टेस्लाचे यंत्र सरस ठरू शकते.

तपासणीच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे तिच्यातून निसटू शकतात, तर नलिकेतील हवेचे बुडबुडे खड्यासारखे भासू शकतात. संशय कायम राहिल्यास एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड उपयुक्त ठरतो. दुर्बिणीद्वारे केल्या जाणाऱ्या ईआरसीपीत खडा काढता येतो, परंतु तिच्यानंतर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. म्हणूनच केवळ निदानासाठी आधी एमआरसीपी आणि उपचारासाठी ईआरसीपी, असा क्रम रूढ झाला आहे.

पोलाद आणि रोलिंग मिलच्या उद्योगांसाठी ओळखल्या जाणाऱ्या उरला परिसरातील कामगारांनी आणखी एक खबरदारी घेणे आवश्यक आहे. ग्राइंडिंग किंवा धातू कापताना डोळ्यात लोखंडाचा कण गेला असल्यास तो चुंबकीय क्षेत्रात हलून दृष्टीला इजा करू शकतो. ही माहिती आधीच दिल्यास डोळ्यांचा एक्स-रे काढून खात्री करता येते. पेसमेकर किंवा शरीरातील धातूची पट्टी यांचीही कल्पना द्यावी.

तपासणीपूर्वी साधारण ४ ते ६ तास उपाशी राहावे लागते. त्यामुळे पित्ताशय भरलेले राहते आणि जठरातील द्रव चित्रात अडथळा आणत नाही. काही ठिकाणी अननसाचा रस देतात; त्यातील मँगनीजमुळे जठर व आतड्यातील द्रवाचा संकेत मंदावतो. सिकलसेल, पूर्वीची शस्त्रक्रिया आणि श्वास रोखण्यातील अडचण यांची नोंद चिठ्ठीत असल्यास रेडिऑलॉजिस्टला योग्य तंत्राची निवड करणे सुकर होते.