फुप्फुसाच्या कर्करोगाचे अभ्यासक आणि आपला केसपेपर

गडहिंग्लज परिसरात वैद्यकी करणाऱ्यास तंबाखूचे परिणाम केवळ ग्रंथातून शिकावे लागत नाहीत. निपाणी-चिकोडीचा तंबाखूचा पट्टा आपल्या शेजारीच आहे. खेडोपाडी बिडी ओढणारे वडीलधारे आहेत, आणि जीर्ण कासाचे रुग्ण आपल्या बाह्यरुग्ण विभागात रोजचेच आहेत.

काही वर्षांपूर्वी साठीच्या आसपासचे एक शेतकरी आमच्याकडे खोकल्यासाठी येत असत. सितोपलादी, वासावलेह, कंटकारीचा काढा असे उपचार आम्ही केले. मध्ये थोडा उपशय मिळे, पुन्हा खोकला वाढे. चौथ्या महिन्यात थुंकीतून रक्त पडले, तेव्हा आम्ही छातीचा एक्स-रे काढावयास सांगितले. पुढे कोल्हापुरास तपासण्या होऊन फुप्फुसाचा कर्करोग निश्चित झाला. तोपर्यंत शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. त्यांचा जुना केसपेपर आम्ही पुन्हा काढून पाहिला. त्यावर ‘जीर्ण कास’ एवढेच लिहिलेले होते. ते किती वर्षे व दिवसाला किती बिड्या ओढतात, हे आम्हांस ठाऊक होते. परंतु कागदावर त्याचा एक शब्दही नव्हता. चार महिने आधी तपासणी झाली असती तर ते वाचलेच असते, असा दावा आम्ही करीत नाही. पण संधी मिळाली असती, हे नाकारताही येत नाही.

या रोगाच्या थोर अभ्यासकांची चरित्रे त्यानंतर आम्ही जिज्ञासेने वाचली. त्यांतील पायाभूत शोध मोठ्या यंत्रांनी लागले असतील, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात त्यांतील बरेचसे रुग्णाला नीट प्रश्न विचारून आणि उत्तर लिहून ठेवून लागलेले आहेत. तेवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

मुंबईतील पायाभरणी

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. 1895 साली जन्मलेल्या खानोलकरांनी 1923 मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी मिळवली होती आणि मुंबईत अध्यापन केले होते. सूक्ष्मदर्शकात निष्णात असलेला हा विकृतितज्ज्ञ केवळ काचपट्टीवर समाधानी नव्हता. रुग्ण काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, हेही ते विचारीत. कमरेला धोतर घट्ट आवळण्याच्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी 1945 मध्ये प्रसिद्ध केले. पेशीची विकृती आणि माणसाची सवय यांचा दुवा शोधण्याची ही दृष्टी भारतात रुजविण्याचे मोठे श्रेय त्यांना जाते. 1952 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक होते. 1960 ते 1963 या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले.

1955 मध्ये डॉ. एल. डी. संघवी, डॉ. के. सी. एम. राव व डॉ. खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे आणि मुख, घसा व अन्ननलिका यांचे कर्करोग यांच्या संबंधाचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. बिडीची दखल शास्त्रीय वाङ्मयात ठळकपणे घेतली गेली, त्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

परदेशातील दोन चरित्रे

याच सुमारास परदेशात फुप्फुसाच्या कर्करोगावर काम चालू होते. लंडनचे डॉ. रिचर्ड डॉल आणि प्रा. ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे 709 रुग्ण आणि तेवढेच अन्य रुग्ण यांना एकसारखे प्रश्न विचारून 1950 मध्ये निष्कर्ष मांडला. आरंभी डॉल यांचा संशय रस्त्यावरील डांबरावर होता. उत्तरे मात्र धूम्रपानाकडे बोट दाखवू लागली, तेव्हा त्यांनी अभ्यास चालू असतानाच स्वतःचे धूम्रपान सोडले. 1951 पासून त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांच्याच सवयींची नोंद ठेवावयास आरंभ केला. ती पन्नास वर्षे चालली. 2004 च्या अहवालानुसार आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुर्मान सुमारे 10 वर्षांनी घटते. डॉल 2005 मध्ये वयाच्या 92 व्या वर्षी निवर्तले.

अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांचे चरित्र अधिक विदारक आहे. 5 एप्रिल 1933 रोजी त्यांनी कर्करोगग्रस्त फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत संपूर्ण काढून रुग्ण वाचविला. तो रुग्णही एक डॉक्टरच होता. एर्न्स्ट विंडर या तरुण विद्यार्थ्याने धूम्रपानाविषयी रुग्णांना विचारण्याची कल्पना मांडली, तेव्हा स्वतः भरपूर सिगारेट ओढणारे ग्रॅहम साशंक होते. तरीही त्यांनी अभ्यासास अनुमती दिली, आणि 1950 मध्ये दोघांच्या नावे 684 रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. ग्रॅहम यांनी आपले मत बदलले, सिगारेट सोडली. परंतु 1957 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानेच त्यांचा अंत झाला. 1933 सालचा त्यांचा रुग्ण त्यांच्या मागे काही वर्षे जगला.

पुराव्यापुढे स्वतःचे मत बाजूस ठेवणे हे या दोन्ही चरित्रांचे सार आहे. प्रत्यक्ष व अनुमान यांबरोबर अनेक कारणांचा मेळ घालणारी ‘युक्ती’ हेही चरकाचार्यांनी प्रमाण मानले आहे. डॉल आणि हिल यांची पद्धत आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही.

नोंदवही ते खेडे

1963 मध्ये मुंबईत लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. अशा प्रकारची ती भारतातील पहिलीच होय. तिचे प्रवर्तक डॉ. डी. जे. जसावाला हे शल्यविशारद होते. एका शल्यविशारदाने नोंदवहीसाठी आयुष्यातील वर्षे द्यावीत, हे विशेष आहे. 1979 मध्ये त्यांनी व डी. के. जैन यांनी बृहन्मुंबईतील फुप्फुसाचा कर्करोग, धर्म आणि धूम्रपानाच्या सवयी यांच्या संबंधाचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिडी ही पानात गुंडाळलेली, म्हणून सिगारेटपेक्षा सौम्य, ही लोकसमजूत त्या अभ्यासाने मोडीत काढली.

यानंतरचे पाऊल खेड्यात पडले. 1987 मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. बी. एम. नेने यांची नावे या कार्याशी निगडित आहेत. खेड्यातील रुग्ण रुग्णालयात येतच नाही, मग नोंद कशी होणार? म्हणून नोंदणीचे कार्यकर्तेच गावोगाव गेले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून सांगून त्यांना तपासणीस प्रवृत्त केले. गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागातील वैद्यास हे उदाहरण लंडनपेक्षा जवळचे आहे.

आजचे अभ्यासक

टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत ‘ईजीएफआर’ नावाच्या जनुकात बदल आढळतो. धूम्रपान कधीही न केलेल्यांत त्याचे प्रमाण अधिक असते. अशा 350 रुग्णांपैकी एका गटास गेफिटिनिब ही गोळी दिली गेली, तर दुसऱ्या गटास तिच्या जोडीला पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लॅटिन ही रसायने दिली गेली. आजार पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यम काळ पहिल्या गटात 8 महिने, तर दुसऱ्यात 16 महिने आढळला. गंभीर दुष्परिणामही दुसऱ्या गटात अधिक होते, आणि अभ्यासकांनी तेही तितक्याच स्पष्टपणे नोंदविले.

यातून आपणांस दोन गोष्टी घेता येतील. बिडी न ओढणाऱ्या गृहिणीचा जीर्ण खोकलाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. आणि रोग लांबलेला असला तरी आता उपचार पूर्वीइतके मर्यादित नाहीत. म्हणून ‘आता पाठवून काय उपयोग’ असे म्हणून रुग्णास थांबवून ठेवणे योग्य नव्हे.

आपण काय करावे

निदान, पूर्वरूप, रूप, उपशय, संप्राप्ती ही पंचलक्षणे आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. त्यांतील पहिले ‘निदान’ म्हणजे हेतू. कासाच्या प्रत्येक केसपेपरवर बिडी-सिगारेट किती वर्षे, दिवसाला किती, आणि घरात चुलीचा धूर आहे काय, हे लिहावे. सोडल्याचे वर्षही लिहावे. निदानपरिवर्जन ही आपली पहिली चिकित्सा आहे. ज्याची नोंदच नाही त्याचे परिवर्जन कसे सांगणार?

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्यावी आणि छातीचा एक्स-रे काढून घ्यावा. थुंकीत रक्त, आवाज बसणे, वजन घटणे, नखे फुगीर होणे यांपैकी काही असेल तर औषधाचा प्रयोग करीत थांबू नये. एक्स-रेवर सावली दिसली, पण थुंकीत जंतू नाहीत, अशा रुग्णास केवळ क्षयाच्या औषधांवर महिनोन्महिने ठेवले जाते आणि अर्बुद वाढत राहते. अशा वेळी तज्ज्ञांकडे धाडणे हेच श्रेयस्कर.

औषधालय चालविणाऱ्या बांधवांचीही येथे मोठी भूमिका आहे. एकच गिऱ्हाईक खोकल्याच्या औषधाची तिसरी बाटली मागते, तेव्हा ‘खोकला किती दिवसांचा?’ एवढे विचारावे आणि वैद्याकडे धाडावे. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात धूमपान वर्णिले आहे. ते ठराविक द्रव्यांचे, ठराविक काळी व मात्रेत करावयाचे कर्म आहे. तंबाखू पोर्तुगीजांसमवेत भारतात आली, म्हणून बिडीस त्या वचनांचा आधार नाही. ‘वनस्पतीची सिगारेट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंतही धूर आणि कार्बन मोनॉक्साइड असतोच. त्या निर्धोक म्हणून विकू नयेत. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या रुग्णास कोणताही कल्प देताना त्याच्या तज्ज्ञास तो कळवावा, कारण गेफिटिनिबसारख्या औषधांच्या यकृतातील पचनावर अन्य द्रव्यांचा परिणाम होऊ शकतो.

त्या शेतकऱ्यांचा केसपेपर आम्ही जपून ठेवला आहे. तेव्हापासून आमच्या चिकित्सालयात कासाच्या रुग्णाचा कागद धूम्रपानाच्या ओळीवाचून पुढे सरकत नाही. आपणही उद्यापासून ती एक ओळ लिहावी, एवढीच विनंती.