नव्या रंगाला मेणाची घाई नको

आश्विन शुद्ध दशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. खंडेनवमीस शस्त्रे व अवजारे आणि विजयादशमीस वाहन, असा पूजनाचा क्रम आता अनेक घरांत रूढ झाला आहे. ज्याच्या जिवावर घराची वर्षभराची ये-जा चालते, ते वाहन त्या दिवशी झेंडूच्या माळा लेऊन दारी उभे असते. साहजिकच जुन्या गाडीला रंग द्यावयाचा तर तो दसऱ्यापूर्वीच, असा वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो. रंगारी या दिवसांत रात्रीचा दिवस करतात आणि घटस्थापनेच्या आगेमागे गाडी नवे रूप घेऊन घरी येते. येथवर सारे यथास्थित. चूक होते ती यानंतर. पूजेला गाडी आरशासारखी चकाकावी म्हणून नवमीच्या रात्री तिच्यावर मेणाचे पॉलिश चढविले जाते.

आमच्या घरी ही चूक घडलेली आहे. वडिलांनी पै-पै साठवून आपली जुनी स्कूटर रंगवून घेतली होती. नवमीच्या रात्री आम्ही भावंडांनी मोठ्या हौसेने मेण लावले आणि जुन्या धोतराच्या फडक्याने तासभर ती घासली. दसऱ्याला स्कूटर खरोखरच झळकली. दिवाळीच्या पहाटे पाहतो, तो टाकीखालच्या पत्र्यावर धुरकट डाग आणि फडक्याच्या विणीचे ओरखडे! वडील तसेच रंगाऱ्याकडे गेले. त्याने पत्र्याच्या कडेला नख टेकविले. नखाची खूण उमटली. तो एवढेच म्हणाला, “मास्तर, रंग वरून वाळला होता, आतून नव्हे.” वडिलांनी आमच्याकडे एकदा पाहिले. ते बोलले असते तर बरे झाले असते.

रंगाऱ्याच्या त्या वाक्यात सारे मर्म आहे. रंग फवारता यावा म्हणून तो पातळ द्रवात कालवलेला असतो. हा द्रव प्रथम पृष्ठभागावरून उडून जातो. म्हणून काही तासांतच बोट लावले तरी रंग लागत नाही. परंतु खालच्या थरातील द्रव त्या कवचातून हळूहळू, कित्येक आठवडे बाहेर पडत असतो. शिवाय सिंथेटिक इनॅमल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते, तर दोन घटक मिसळून केलेला रंग आतल्या रासायनिक क्रियेने. ही क्रिया पुरी होण्याआधी मेणाचा थर दिला, तर आतल्या द्रवाची वाट अडते, मेण पातळ करणारा द्रव कोवळ्या रंगाला आणखी मऊ करतो आणि घासण्याचे वळ कायमचे राहतात.

येथे एक शंका सुज्ञ वाचकांना येईल. कारखान्यातून आलेल्या नव्या मोटारीला तर पहिल्या दिवशीही मेण चालते, ते कसे? कारखान्यात उघडा सांगाडा सुमारे 140 अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजला जातो; त्याचा रंग तेथेच पक्का होतो. रंगकामाच्या गॅरेजात मात्र गाडीला टायर, तारा, गाद्या सारे काही जोडलेले असते. तिला तेवढी आच देता येत नाही. चांगल्या ठिकाणी तापविलेल्या खोलीत सुमारे 60 अंशांची ऊब देतात, इतकेच. तेव्हा शोरूममधून आलेली शेजाऱ्यांची गाडी पाहून आपल्या गाडीबाबत ईर्षेस पडू नये.

मग थांबावे किती? दुरुस्तीचा रंग असेल, तर रंगाच्या प्रकाराप्रमाणे 30 ते 90 दिवस, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. थंड व दमट हवेत रंग पक्का होण्यास अधिक वेळ लागतो. कोकणात हे ध्यानी ठेवावे. गाडी घेताना कोणता रंग वापरला व शेवटचा हात कोणत्या तारखेला दिला, हे बिलावर लिहून घ्यावे आणि मुदत रंगाऱ्यालाच विचारावी. मेण उशिरा लागले तर काहीही बिघडत नाही.

तोवर गाडी कोरडी राहू द्यावी. पहिला आठवडा धुऊ नये. पुढे सावलीत, साध्या पाण्याने व मऊ फडक्याने पुसावी. पक्ष्यांची विष्ठा मात्र तत्काळ ओल्या कापडाने टिपून काढावी.

पूजेत खंड पडण्याचे कारण नाही. हळद-कुंकू कोवळ्या रंगावर न लावता काचेवर वा नंबरपट्टीवर लावावे, कारण ओल्या हळदीचा डाग रंगात मुरतो. माळ तारेने न बांधता दोऱ्याने बांधावी आणि फुले कोमेजण्याआधी, सायंकाळीच उतरवावी. नारळ गाडीवर न आपटता चाकापुढे जमिनीवर वाढवावा. आपट्याचे पान आसनावर ठेवले तरी सोने ते सोनेच.

ज्यांची गाडी घटस्थापनेस रंगून आली, त्यांचे 30 दिवस लक्ष्मीपूजनाच्या सुमारास भरतात. त्रिपुरी पौर्णिमेस दीड महिना होतो आणि मार्गशीर्ष सरता सरता 90 दिवसही होतात. काही वर्षांनी ती स्कूटर पुन्हा रंगविली, तेव्हा वडिलांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्रिपुरी पौर्णिमेच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहून ठेवले होते: ‘स्कूटर, मेण. मुलांना आधी हात लावू देऊ नये.’