चाकामागचं शास्त्र (भाग ९) : दोन टक्क्यांसाठी मागे नेलेला गिअरबॉक्स

गेल्या आठवड्यात इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, या मांडणीचं गणित आपण पाहिलं. त्यातला एक प्रश्न मी मुद्दाम राखून ठेवला होता. गिअरबॉक्स ठेवायचा कुठे? बहुतेक कंपन्या तो इंजिनाच्या पाठीला जोडून मोकळ्या होतात. २००३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात आलेल्या पाचव्या पिढीच्या मासेराती क्वात्रोपोर्तेने तसं केलं नाही, आणि पुढे चारच वर्षांत कंपनीला वेगळा विचार करावा लागला. इतक्या देखण्या आणि इतक्या महाग गाडीचा स्वभाव या एका निर्णयाच्या मागेपुढे कसा बदलला, ते आज पाहू.

आधी थोडं घराणं. मासेराती बंधूंनी १९१४ साली बोलोन्यात सुरू केलेली ही कंपनी मुळात शर्यतींची. १९५७ साली फांजिओने तिच्या २५०एफ गाडीवर जगज्जेतेपद मिळवलं आणि त्याच वर्षी पैशाच्या ओढाताणीमुळे कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतलं. पण शर्यतीतलं ज्ञान वाया गेलं नाही. ४५०एस या शर्यतीच्या गाडीच्या व्ही-८ इंजिनाचं माणसाळवलेलं रूप १९६३ मध्ये चार दारांच्या, पाच माणसं आरामात बसतील अशा सेदानमध्ये बसवलं गेलं. ताशी २३० किलोमीटर धावणारी कौटुंबिक गाडी ही त्या काळी जवळजवळ न ऐकलेली गोष्ट होती. हीच पहिली क्वात्रोपोर्ते. मधल्या तीन पिढ्यांवर इथे थांबत नाही. दुसरी सित्रोएनच्या सांगाड्यावर बेतलेली, जेमतेम डझनभर बनली. तिसरी जुजारोने रेखलेली, राष्ट्रपती पेर्तिनी यांची आवडती. चौथी गांदिनीच्या हातची.

पाचवीच्या वेळी मासेराती फेरारीच्या ताब्यात होती आणि त्याचा अर्थ बॉनेट उघडल्यावर लगेच कळतो. पाच मीटरहून लांब गाडी, लांबलचक बॉनेट, आणि इंजिन मात्र पार मागे सरकवून बसवलेलं. पुढच्या चाकांचा आस जिथे आहे, त्याच्या मागे सगळं इंजिन. हे इंजिन मारानेल्लोत फेरारीच्या कारखान्यात बनत असे. ४.२ लिटर, आठ सिलिंडर, ७००० फेऱ्यांना ४०० अश्वशक्ती. तेलासाठी ड्राय संप, म्हणजे तेल इंजिनाच्या तळाशी साठवायच्या ऐवजी वेगळ्या टाकीत. याचे दोन फायदे. तळाचं खोल भांडं नसल्यामुळे इंजिन आणखी खाली बसवता येतं, आणि जोरदार वळणात तेल एका बाजूला धावून पंप कोरडा पडत नाही. सेदानमध्ये ड्राय संप घालणं म्हणजे हौसेची परिसीमा. मला ती हौस मनापासून आवडते.

याच इंजिनाच्या कुळातलं दुसरं रूप पुढच्या वर्षी फेरारी एफ४३० मध्ये आलं. ठेवण तीच, पण क्रँकशाफ्ट वेगळा, आणि तेवढ्याने इंजिनाचा आवाज आणि वागणूक दोन्ही पालटतात. फेरारीच्या क्रँकशाफ्टचे खुंट १८० अंशांवर, एकाच पातळीत असतात. त्यामुळे डावी-उजवी रांग आलटून-पालटून, समान अंतराने पेटते आणि फेऱ्या वाढतील तशी ती प्रसिद्ध किंकाळी निघते. पण या रचनेत आडवे हादरे राहतात. क्वात्रोपोर्तेसाठी खुंट ९० अंशांवर, फुलीसारखे ठेवले. हादरे जवळजवळ नाहीसे होतात, बदल्यात क्रँकशाफ्टला जड तोलभार द्यावे लागतात आणि फेऱ्या चढायला किंचित वेळ जातो. प्रत्येक रांगेत सिलिंडर विषम अंतराने पेटत असल्याने धुराच्या नळीतून खर्जातली गुरगुर येते. मागच्या सीटवर माणसं बसणार असतील तर हीच निवड योग्य. फक्त एक ध्यानात ठेवायचं, की या इंजिनाचा कमाल पीळ ४५१ न्यूटन-मीटर आहे आणि तो ४५०० फेऱ्यांना मिळतो. जवळपास १९०० किलोच्या गाडीला खालच्या फेऱ्यांत हे कमी पडतं. ही गाडी अंग चोरून चालवली तर सुस्त वाटते. फेऱ्या चढवल्या तर शंभराचा वेग ५.२ सेकंदांत गाठते आणि २७५ पर्यंत जाते.

आता मूळ मुद्दा. बैलगाडी भरणाऱ्या जुन्या माणसाला वजनाच्या वाटणीचं शास्त्र कुणी शिकवावं लागत नसे. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर येते. मोटारीत बैल नाहीत, पण चार टायर आहेत आणि प्रत्येकाच्या पकडीला मर्यादा आहे. वेग वाढवताना वजन मागे झुकतं, ब्रेक लावताना पुढे. ओढ मागच्या चाकांना असेल तर मागे थोडं जास्त वजन असणं दोन्ही वेळी कामाला येतं: वेग घेताना पकड मिळते, आणि ब्रेकच्या वेळी पुढे झुकल्यावरही मागची चाकं काम करत राहतात. वळणात शिरताना नाक जड नसल्याने गाडी स्टिअरिंगचं लगेच ऐकते.

म्हणून मासेरातीच्या अभियंत्यांनी गिअरबॉक्स उचलून मागच्या आसापाशी, डिफरन्शियलच्या जोडीला नेला. वजनाची वाटणी झाली पुढे ४७, मागे ५३ टक्के. एवढ्या मोठ्या सेदानमध्ये हा आकडा विरळा. तिचं स्टिअरिंग हायड्रॉलिक मदतीचं होतं आणि रस्त्याचा खडबडीतपणा तळहातापर्यंत पोचवायचं. आरामाच्या गाडीत इतकं मोकळं बोलणारं स्टिअरिंग आज शोधून सापडत नाही.

दुखणं होतं ते गिअरबॉक्सच्या जातीत. ड्युओसिलेक्ट नावाचा हा सहा गिअरचा डबा मुळात मॅन्युअलच. क्लचचं पेडल नाही, गिअर बदलणं आणि क्लच दाबणं-सोडणं हायड्रॉलिक यंत्रणा करते, आणि हुकूम स्टिअरिंगमागच्या दोन पट्ट्यांनी द्यायचा. उजवी ओढली की वरचा गिअर, डावी ओढली की खालचा, दोन्ही एकत्र ओढल्या की न्यूट्रल. घाटात, फेऱ्या सहा हजारांच्या वर असताना, हा डबा झकास चालतो. खालच्या गिअरला जाताना इंजिन स्वतःहून एक हुंकार देऊन फेऱ्या जुळवून घेतं. शहरात मात्र त्याचं काही खरं नव्हतं. गिअर बदलताना क्लच सुटतो, तेवढा वेळ चाकांकडे जाणारी ओढ तुटते, मग परत जोडली जाते. अर्धा पेडल दाबून हळू चालवताना ही तूट जास्त लांबते आणि गाडीतली माणसं प्रत्येक गिअरला माना डोलावतात. जाणकार चालक गिअर बदलण्याच्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटर जरासा सोडायचे, म्हणजे धक्का कमी व्हायचा. पण ज्यांनी ड्रायव्हर ठेवून मागे बसायला गाडी घेतली, त्यांनी हे कसब कुणाला आणि कसं शिकवायचं? शिवाय इंच-इंच सरकणाऱ्या रहदारीत संगणक क्लच पुन्हा पुन्हा अर्धवट घसरवत राहतो आणि तो लवकर झिजतो.

जानेवारी २००७ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात मासेरातीने उत्तर आणलं. जर्मनीच्या झेडएफचा सहा गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला खराखुरा ऑटोमॅटिक. हा डबा इंजिनाच्या मागे, नेहमीच्या जागी बसला. ड्राय संप जाऊन साधा तेलाचा तळ आला. कमाल पीळ थोडा वाढला आणि थोड्या कमी फेऱ्यांना मिळू लागला. शंभरापर्यंत पोचायला ५.६ सेकंद लागू लागले. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली, ते स्वाभाविक होतं. पण वजनाच्या वाटणीचा नवा आकडा पाहा: पुढे ४९, मागे ५१.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो हा आकडा. इतका खटाटोप करून मागे नेलेला गिअरबॉक्स पुढे आणला आणि वाटणी हलली फक्त दोन टक्क्यांनी. १९०० किलोच्या गाडीत दोन टक्के म्हणजे ३८ किलो. वजन अजूनही मागेच जास्त होतं, कारण खरं काम गिअरबॉक्सने केलेलंच नव्हतं. ते केलं होतं इंजिनाने, पुढच्या आसाच्या मागे बसून. शिवाय जड डबा शेपटाकडून मधोमध आल्याने गाडीला वळणात फिरवायला लागणारा जोरही वाढत नाही, उलट कमी होतो. म्हणजे पहिली चार वर्षं ग्राहकांनी जो धक्का आणि जी झीज सोसली, त्याच्या बदल्यात मिळालेला लाभ कागदावर मोठा आणि रस्त्यावर माफक होता. शर्यतीच्या गाडीत ते ३८ किलो सोन्याच्या मोलाचे ठरले असते. तीन मीटरहून लांब व्हीलबेसच्या सेदानमध्ये ते त्या किमतीचे नव्हते.

सस्पेन्शनबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण या गाडीचं दुहेरी वागणं तिथून येतं. चारही चाकांना दुहेरी विशबोन आणि स्कायहुक डँपर. अमेरिकन अभियंता डीन कार्नोप यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या कल्पनेवर ही पद्धत उभी आहे. गाडीचं अंग वरून आकाशाला बांधलेलं असतं तर ते जसं स्थिर राहिलं असतं, तसं ठेवायचा प्रयत्न डँपर करतो. सेन्सर अंगाची आणि चाकांची हालचाल मोजतात आणि डँपर त्या क्षणापुरता मऊ किंवा कडक होतो. त्यामुळे एकच गाडी खराब रस्त्यावर सोसणारी आणि वळणात ताठ राहू शकते. पुढे २००९ च्या स्पोर्ट जीटी एस आवृत्तीत कंपनीने हे सगळं काढून ठरावीक कडकपणाचे डँपर घातले. माझ्या मते चार दारांच्या गाडीत तो हट्ट होता.

पोल्ट्रोना फ्राउचं चामडं, लाकूड, डॅशबोर्डवरचं लंबगोल घड्याळ यांची वर्णनं तुम्ही इतरत्र वाचली असतील. पिनिनफारिनाच्या केन ओकुयामा यांनी रेखलेलं अंगही आजवर जुनं झालेलं नाही. मी तिच्याकडे वळतो ते वजनाच्या मांडणीसाठी.

इंग्लंडात, आखातात राहणारे काही वाचक जुनी क्वात्रोपोर्ते घ्यावी का असं विचारतात. माझं मत असं: २००८ मध्ये आलेली ४.७ लिटरची, ४३० अश्वशक्तीची क्वात्रोपोर्ते एस ही या पिढीतली सर्वांत जुळून आलेली गाडी. तिच्यात ऑटोमॅटिक आहे, स्कायहुक आहे, आणि खालच्या फेऱ्यांतली उणीव मोठ्या इंजिनाने भरून काढली आहे. ड्युओसिलेक्टचाच मोह असेल तर पैसे देण्याआधी गाडी निदान यंत्राला जोडून क्लचची झीज किती टक्के झाली ते वाचून घ्या. गिअरबॉक्सच्या संगणकात तो आकडा नोंदलेला असतो, आणि विकणारा तो दाखवायला तयार नसेल तर सौदा सोडून द्या.