वीतभर माती, पुरुषभर मुरूम

जमिनीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला मान काळीला. कापूस, शाळू, हरभरा, ऊस हे सारे वैभव तिचेच. पण अजिंठा-सातमाळ्यापासून हरिश्चंद्र-बालाघाट आणि शंभू महादेवाच्या रांगांपर्यंत डोंगरपायथ्याने फिरू लागलो, की वेगळीच जमीन पायाखाली येते. रंगाने तांबूस-करडी, खड्यांनी भरलेली, कुदळीच्या दोन घावांत मुरमाला लागणारी. गावोगावी तिला मुरमाड, बरड, माळाची, हलकी म्हणतात. सातबाऱ्यावर तिचा बराच भाग पोटखराब्यात जातो आणि सरकारी नकाशांत पडीक म्हणून रंगवला जातो.

या जमिनीला टाकाऊ समजण्याची किंमत आपण दर उन्हाळ्यात मोजतो. तिची खोली कमी आहे, हे खरे. पण खालच्या शिवारातल्या विहिरी, गुरा-मेंढरांचा चारा, सीताफळ-डाळिंबाच्या बागा आणि खोऱ्यातली काळी माती, या सगळ्यांचा धागा याच उतारापाशी येऊन पोचतो. जिथे जिथे माणसांनी तिची खोली ओळखून तिला वागवले, तिथे तिने भरभरून दिले. या लेखाचा सांगावा एवढाच आहे.

खडकाचा मुरूम होताना

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हा बेसॉल्ट उरला आहे आणि महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग त्याच्यावर वसला आहे. सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट, काळेकभिन्न. काहींमध्ये वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक भरले. घट्ट थराचा कडा होतो, पोकळ्यांचा थर लवकर झिजून त्याचा उतार होतो. सह्याद्रीच्या डोंगरांना पायऱ्या पडल्यासारख्या दिसतात, त्या यामुळेच.

घाटरस्त्यासाठी कापलेल्या एखाद्या दरडीसमोर उभे राहिले की माती घडण्याचे सगळे टप्पे एकाखाली एक दिसतात. वर वीतभर तांबूस माती, तिच्यात गवताच्या मुळ्यांचे जाळे आणि बोराएवढे खडे. त्याखाली पिवळसर-करडा मुरूम. मुठीत धरून दाबला तर चुरा होतो, पण जागेवर असताना मूळ खडकाच्या भेगा त्यात जशाच्या तशा दिसतात. आणखी खाली गोल गोल धोंडे. प्रत्येक धोंड्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले असतात आणि नखाने उकलले तर आत अजून न कुजलेला निळसर-काळा गाभा लागतो. तळाशी अखंड पाषाण.

हे गोल धोंडे वाहून आलेले नाहीत, ते जागच्या जागीच गोल झाले आहेत. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला भेगा पडल्या. पावसाचे पाणी मातीतला कर्बवायू विरघळवून किंचित आम्लधर्मी होते आणि या भेगांतून उतरते. चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्यांवर ते तीन बाजूंनी काम करते, म्हणून कोपरे आधी झिजतात. बेसॉल्टमधले ऑलिव्हिन सर्वांत आधी विघटते, मग ऑगाइट आणि फेल्डस्पार. कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याबरोबर निघून जातात, लोह गंजते आणि मातीला तांबूस रंग चढतो. एक सेंटीमीटर माती अशी घडायला शेकडो वर्षे जातात. उतारावर ती घडते त्याच वेळी वाहूनही जाते. पायथ्याची जमीन युगानुयुगे उथळ राहते ती यामुळे.

माथा, उतार, खोरे

वाहून गेलेले सूक्ष्म कण आणि विरघळलेली खनिजे खोऱ्यात साचतात. तिथे निचरा मंद असल्याने स्मेक्टाइट नावाची, पाण्याने फुगणारी आणि उन्हाने भेगाळणारी चिकणमाती तयार होते. हीच आपली काळी. म्हणजे माळाची तांबूस जमीन आणि ओढ्याकाठची काळी या एकाच खडकाच्या लेकी. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे मातीचे नकाशे पाहिले तर डोंगरमाथ्यापासून नदीपर्यंत हीच साखळी दिसते: वर २५ सेंटीमीटरपेक्षाही उथळ, मधल्या टप्प्यात मध्यम, खाली मीटरभर किंवा त्याहून खोल.

पाऊसही या भूगोलात हात आखडून देतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्या मुसळधारेत बेसॉल्टचा जांभा होतो. तिथून पूर्वेला माण-खटावकडे उतरले की पाऊस चार-पाचशे मिलिमीटरवर येतो आणि मुरमाड माळ सुरू होतात. एका सातारा जिल्ह्यात ही दोन टोके आहेत.

पाण्याचा हिशेब

शेतकऱ्याच्या दृष्टीने हलक्या जमिनीचे सगळे प्रश्न पाणी धरण्याच्या ताकदीशी येऊन थांबतात. मीटरभर खोल काळी पिकाला वापरता येईल असे साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरते. वीतभर मुरमाड माती जेमतेम ३० मिलिमीटर. भर वाढीतले पीक दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी घेते. ऑगस्टमध्ये पावसाने आठवडाभर ओढ दिली की माळावरची बाजरी माना टाकते, तेव्हा काळीतली तूर महिनाभर तग धरते. म्हणूनच नुसत्या ओलीवर येणारा शाळू खालच्या शिवारात पिकतो आणि माळाला खरिपावर समाधान मानावे लागते.

या दुखण्यावर शास्त्रीय काम जुने आहे. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन चालू आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे रब्बी ज्वारीचे वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे वाटून दिले: हलकीसाठी फुले अनुराधा, मध्यमसाठी फुले सुचित्रा, भारीसाठी फुले वसुधा. वाण निवडण्याआधी खड्डा घेऊन खोली मोजा, असा याचा साधा अर्थ. बियाण्याच्या दुकानात हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

जुन्या पिकांना मात्र ही खोली ठाऊक होती. हुलगा, मटकी, बाजरी, कारळे ही कमी ओलीत आणि कमी दिवसांत हाती येणारी पिके. हुलगा-मटकीचा वेल जमीन झाकतो, पावसाचा मार अंगावर घेतो आणि मुळांवाटे नत्रही देतो. शेतातले मोठे दगड वेचून उताराला आडव्या ताली रचायच्या आणि बारीक खडे तसेच राहू द्यायचे, यातही शहाणपण होते. वरच्या खड्यांमुळे बाष्पीभवन कमी होते आणि थेंबाने माती उडत नाही.

मुळे मुरमात गेली

मातीचा थर उथळ असला तरी त्याखालचा मुरूम झाडाच्या मुळांना परका नसतो. भेगांमधून मुळे पुरुष-दोन पुरुष खाली उतरतात आणि तिथली ओल शोधतात. या एका गोष्टीने डोंगरपायथ्याचे अर्थकारण बदलले. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली. खड्डे खोदण्याची मजुरी मिळू लागली आणि माळावर बोर, आवळा, सीताफळ, डाळिंब उभे राहिले.

सीताफळ तर या जमिनीचेच झाड. उन्हाळ्यात पाने गाळून ते विश्रांती घेते, त्यामुळे सर्वांत कोरड्या दिवसांत त्याची मागणी फार नसते. बालाघाटाच्या उतारावर ते आपसूक वाढते. पुरंदरच्या अंजिराला आणि बीडच्या सीताफळाला आज भौगोलिक मानांकन आहे.

डाळिंबाची कथा अधिक बारकाईने पाहण्याजोगी. आंबे, मृग किंवा हस्त, कोणताही बहार धरायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. भारी जमिनीत ओल हटता हटत नाही आणि ताण नीट बसत नाही. मुरमाड जमीन लवकर वाफशावर येते, लवकर सुकते, म्हणून फुलधारणा बागायतदाराच्या हातात राहते. काळीत ठिबकचे पाणी जरा जास्त झाले की मुळे गुदमरतात आणि मर रोगाला वाट मिळते. मुरमात निचरा चांगला. सांगोला, आटपाडी, सटाणा हे टापू डाळिंबाचे झाले त्यामागे हा निचरा आहे. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे राहिले तेही याच पट्ट्यात. अर्थात सगळा मुरूम सारखा नसतो. चुनखडीचा मुरूम असेल तर लोह लागू पडत नाही, नव्या पानांवर केवडा पडतो आणि बाग खंगत जाते. लागवडीआधी मुरमावर आम्लाचा थेंब टाकून तो फसफसतो का, एवढे पाहिले तरी पुढचा खर्च वाचतो.

माथ्यावर थांबलेले पाणी

विहिरींचा संबंध तर थेट आहे. अखंड बेसॉल्टमध्ये पाणी साठायला जागा जवळजवळ नसते. साठा असतो तो मुरमात, पोकळ्यांच्या म्हणजे मांजऱ्या खडकात आणि भेगांत. डोंगरउतारावरचा मुरूम म्हणजे गावाच्या भूजलाचे दार. ते उघडे राहिले, तर विहिरीला पाझर.

पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर देवस्थानाची उघडीबोडकी उताराची जमीन घेऊन बांध, चर आणि तळ्यांनी ती हिरवी केली. त्यातून पाणी पंचायत जन्मली. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता माणशी ठरवायचा, भूमिहीनालाही तो द्यायचा आणि उसाला पाणी नाही, हे तिचे नियम. हिवरे बाजारने सलग समतल चरांबरोबर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि शेतीसाठी बोअरबंदी स्वीकारली आणि पावसाच्या हिशेबाने पिके ठरवली. जालन्याच्या कडवंचीत इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून माथा ते पायथा उपचार झाले आणि हलक्या जमिनीवर द्राक्षे उभी राहिली. तिन्ही ठिकाणी काम वरून खाली आले आणि चर खोदून झाल्यावरही नियम टिकले. नुसते चर दोन-चार पावसाळ्यांत गाळाने बुजतात.

माळाचे खरे रहिवासी

प्रत्येक माळावर शेती हवीच असे नाही. शेडा, पवन्या, मारवेल, डोंगरी ही गवते उथळ मातीला जितकी घट्ट धरतात तितकी कोणतेही पीक धरत नाही. या गवतावर धनगरांची दख्खनी मेंढी जगते आणि पीक निघाल्यावर शेतात वाडा बसवून माळाचा कस काळीत आणून सोडते. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी, बारामतीजवळ सुप्याला चिंकाऱ्यासाठी अभयारण्ये झाली ती याच जमिनीवर. लांडगा, खोकड, चंडोल यांचे घरही हेच. तरीही पडीक म्हणून नोंद झाली की तिथे गिरिपुष्पाच्या रांगा लावायच्या, ही पद्धत चालू राहिली. गवताळ रान हे तुटलेले जंगल आहे हा समज सोडायला हवा.

आणखी मोठे संकट ब्रासने मोजले जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. रस्ते, भराव, प्लॉटिंग यांसाठी टेकड्या पोखरून मुरूम नेला जातो. गौण खनिज म्हणून त्याची रॉयल्टी ठरते, पण त्या मुरमाने किती विहिरींना पाणी दिले असते, याचा हिशेब कुठल्याच पावतीवर नसतो. दुसरीकडे यंत्राने उतार सपाट करून वीतभर सुपीक थर खाली गाडला जातो. धरणातला गाळ आणून पसरण्याचा मार्ग त्यापेक्षा शहाणपणाचा आहे. २०१७ च्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेने उतारावरून गेलेली माती परत उतारावर नेण्याची सोय केली. मात्र आधी बांधबंदिस्ती हवी, नाहीतर तोच गाळ पहिल्या वळवात पुन्हा धरणात जाईल.

करण्यासारखे बरेच काही गावाच्या हातात आहे. ग्रामसभेच्या पाणी ताळेबंदात विहिरी-बंधाऱ्यांबरोबर मुरमाड उतारांचीही नोंद व्हावी. कुठे माती किती खोल आहे, याचा गावनकाशा गावातल्याच मुलांनी खड्डे घेऊन तयार करावा. वीतभरापेक्षा उथळ जमीन गवताला, हातभर असलेली फळझाडांना आणि कडधान्यांना, त्याहून खोल असलेली धान्याला द्यावी. मुरूम उत्खननाचा परवाना देण्यापूर्वी त्या टेकडीखालच्या विहिरींची पातळी तपासणे बंधनकारक व्हावे. यांतल्या गावनकाशाच्या कामाला निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. यंदाची दिवाळी संपून रब्बीची पेरणी आटोपली की टिकाव-फावडे घेऊन ते सुरू करता येईल.